तंबाखूचे पान आणि सुटकेची पट्टी
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



शाळेच्या व्यासपीठावरून तंबाखूचा विषय निघाला की श्रोत्यांना पुढचे सारे आधीच ठाऊक असते. दोन भयंकर चित्रे, चार आकडे आणि शेवटी एक प्रतिज्ञा. ज्यांना व्यसन नाही ते टाळ्या वाजवतात; ज्यांना आहे ते मान खाली घालून बसतात आणि कार्यक्रम संपताच मैदानाच्या मागच्या बाजूला जातात. या दुसऱ्या प्रकारच्या श्रोत्यासाठी वैद्यकशास्त्राने काय केले, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. व्यसन लागू नये म्हणून पुष्कळ बोलले जाते. लागलेले सुटावे म्हणून कोणी, कुठे आणि कसे परिश्रम केले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

या कथेचा आरंभ रुग्णालयात होत नाही, शेतात होतो. म्हणून प्रथम जायचे ते कर्नाटकातील बैलकुप्पे या गावी.

म्हैसूरहून मडिकेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कावेरीकाठच्या कुशालनगरच्या थोडे अलीकडे, पिरियापट्टण तालुक्यात हे गाव आहे. १९६१च्या सुमारास तिबेटहून परागंदा झालेल्या निर्वासितांना तत्कालीन म्हैसूर राज्याने येथील जंगलाची जमीन दिली. हिमप्रदेशातून आलेल्या त्या माणसांनी झाडी तोडून मक्याची शेती उभी केली, घरे बांधली, शाळा काढल्या. नामड्रोलिंगचे सुवर्णमंदिर आणि सेरा मठ पाहण्यासाठी आज महाराष्ट्रातूनही असंख्य सहली तेथे जातात. प्रवाशांच्या नजरा मंदिराच्या सोनेरी कळसांकडे लागलेल्या असतात. त्यामुळे वाटेवर दोन्ही बाजूंना पसरलेल्या रुंद, हिरव्या पानांच्या पिकाकडे आणि त्यामधल्या उंच, बिनखिडक्यांच्या खोल्यांकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ते पीक तंबाखूचे आणि त्या खोल्या तंबाखू भाजण्याच्या भट्ट्या.

पिरियापट्टण, हुणसूर, हेग्गडदेवनकोटे हा सारा टापू सिगारेटच्या तंबाखूसाठी देशभर प्रसिद्ध आहे. व्हर्जिनिया जातीची ही तंबाखू येथे पावसाच्या पाण्यावर येते. उन्हाळ्यात रोपवाटिका, मे-जूनमध्ये लावणी, आणि श्रावणाच्या आगेमागे पानांची खुडणी. पाने एकाच वेळी तोडत नाहीत. खालची पक्व झालेली दोन-तीन पाने आधी, मग त्यांच्या वरची, असे टप्प्याटप्प्याने झाड रिते होत जाते. खुडलेली पाने काठ्यांना ओवून भट्टीत टांगतात, लाकडाच्या जाळाने काही दिवस उष्णता देतात, आणि हिरव्याचे लिंबोळी-पिवळे झाले की माल तंबाखू मंडळाच्या लिलावकेंद्रावर जातो.

खुडणीचा हंगाम आणि पावसाचा हंगाम येथे एकच आहे, ही गोष्ट आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची. पहाटेचे दव किंवा रात्रीचा पाऊस पानांवर तसाच असताना माणसे शेतात उतरतात. ओल्या पानांची भारी काखेत, छातीशी धरून बांधापर्यंत न्यावी लागते. सदरा भिजतो, हात चिकट होतात.

असे काम जगात जेथे जेथे चालते, तेथे एक विचित्र दुखणे आढळते. सकाळी धडधाकट असलेला मजूर दुपारपर्यंत गळून जातो. डोके गरगरते, मळमळते, उलट्या होतात, छाती धडधडते. एक-दोन दिवसांत आपोआप बरे वाटते आणि माणूस पुन्हा कामाला लागतो. ऊन लागले असेल, औषधफवारणीची बाधा झाली असेल, अशी समजूत करून घेतली जाते. १९७० साली अमेरिकेतील फ्लोरिडामध्ये आणि १९७४ साली उत्तर कॅरोलायनामध्ये डॉक्टरांनी या दुखण्याची शास्त्रीय नोंद केली. पुढे त्याला ‘हिरव्या तंबाखूचा आजार’ हे नाव रूढ झाले. आपल्याकडे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेतील संशोधकांनी गुजरातेतील तंबाखूच्या शेतमजुरांमध्ये त्याचा अभ्यास केला.

कारण उलगडले ते असे. तंबाखूचे झाड किडींपासून स्वतःचे रक्षण करण्यासाठी मुळांमध्ये निकोटिन नावाचे विष तयार करते आणि ते पानांत साठवते. हे विष पाण्यात विरघळते. पान ओले असले की ते पाण्यात उतरते आणि माणसाच्या कातडीतून सरळ रक्तात शिरते. ज्याने जन्मात विडी ओढलेली नाही, त्याच्याही रक्तात ते सापडते; किंबहुना त्यालाच त्रास अधिक होतो, कारण त्याच्या शरीराला या विषाची सवय नसते.

एखाद्या डॉक्टरने यावर एवढेच म्हटले असते की मजुरांनी हातमोजे घालावेत, दव वाळल्यावर खुडणी करावी आणि काम झाल्यावर अंग धुवावे. हा सल्ला योग्यच आहे आणि आजही तोच दिला जातो. परंतु लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या एका वैद्यकाला या आजारात आणखी काहीतरी दिसले. त्यांचे नाव डॉ. मरे जार्विक.

१९२३ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या जार्विक यांनी वैद्यकाची पदवी घेतली आणि मानसशास्त्रात डॉक्टरेटही मिळवली. औषधांचा मनावर आणि वर्तनावर होणारा परिणाम हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्या काळी धूम्रपान ही एक वाईट सवय मानली जाई, नखे कुरतडण्यासारखी. माणसाला हातात काहीतरी धरायला हवे असते, ओठांना चाळा हवा असतो, चार मित्रांत शोभा हवी असते, अशी कारणे दिली जात. जार्विक यांचा प्रश्न निराळा होता. माणूस धुरासाठी ओढतो की धुरातल्या एखाद्या द्रव्यासाठी? त्यांनी माकडांवर प्रयोग केले. १९७० साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की धूम्रपान करणाऱ्यांना तोंडावाटे निकोटिन दिले तर ते सिगारेटी कमी ओढतात. हा फरक लहानसाच होता, पण त्याने दिशा दाखवली. शरीर एका ठरावीक द्रव्याचा हिशेब ठेवते, आणि तो हिशेब दुसऱ्या वाटेने पुरा झाला तर सिगारेटची मागणी घटते.

मात्र ती दुसरी वाट कोणती असावी? पोटातून दिलेले निकोटिन यकृतात पोहोचताच बरेचसे नष्ट होते. येथे जार्विक आणि त्यांचे तरुण सहकारी जेड रोझ यांना तंबाखूच्या शेतातील मजूर आठवला. ज्या कातडीतून विष शिरते, त्याच कातडीतून औषध का शिरू नये?

माणसांवर असा प्रयोग करण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही. तेव्हा त्यांनी स्वतःलाच प्रयोगाचे साधन केले. ओली तंबाखू स्वतःच्या कातडीवर ठेवून ते वाट पाहत बसले. नाडीचे ठोके वाढले. धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरात जे जे घडते ते घडू लागले. १९८४ साली त्यांचा कातडीतून निकोटिन देण्याविषयीचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला आणि पुढच्या वर्षी अशा उपायाने सिगारेटची तलफ कमी होते हेही त्यांनी दाखवले. याच सुमारास न्यू मेक्सिकोतील फ्रँक एट्सकॉर्न हे संशोधकही स्वतंत्रपणे त्याच कल्पनेपर्यंत पोहोचले होते. अनेक चाचण्यांनंतर १९९१ साली अमेरिकेत निकोटिनच्या पट्टीला मान्यता मिळाली आणि १९९६ पासून ती तेथे डॉक्टरच्या चिठ्ठीविना मिळू लागली. जार्विक २००८ साली वारले.

विद्यार्थ्यांच्या मनात येथे एक शंका येणे साहजिक आहे. ज्याचे व्यसन आहे तेच द्रव्य औषध म्हणून देणे, हे चोराच्या हाती तिजोरीची किल्ली देण्यासारखे नाही का? या शंकेचे उत्तर वेगात दडलेले आहे.

सिगारेटचा झुरका घेतला की निकोटिन दहा ते वीस सेकंदांत मेंदूत पोहोचते. तेथील काही पेशींवर निकोटिनला चिकटून बसता येईल अशा जागा असतात. त्या भरल्या की मेंदूत डोपामिन हे द्रव्य स्रवते आणि क्षणभर बरे वाटते. दोनेक तासांत रक्तातले निकोटिन निम्म्यावर येते आणि त्या जागा रिकाम्या होऊ लागतात. मग चिडचिड, अस्वस्थता, कशातच लक्ष न लागणे. मराठीत त्याला तलफ म्हणतात. पुढचा झुरका ती तलफ शमवतो, आणि मेंदू पक्का धडा शिकतो की बरे वाटायचे असेल तर हेच करायला हवे. दिवसातून वीस सिगारेटी आणि प्रत्येकीचे दहा झुरके धरले तर हा धडा रोज दोनशे वेळा गिरवला जातो. शाळेत कोणताही पाढा इतक्या वेळा घोकला जात नाही.

पट्टी हा पाठ मोडते. दंडावर किंवा पाठीवर चिकटवलेल्या पट्टीतून निकोटिन अतिशय संथपणे, तासन्‌तास झिरपत राहते. तलफेची धार बोथट होते, पण झुरक्यातला तो झटका मिळत नाही. त्यामुळे मेंदूला नवा धडा मिळत नाही. सर्वसाधारणपणे दिवसाला २१ मिलिग्रॅमच्या पट्टीपासून सुरुवात करून १४ आणि मग ७, अशा पायऱ्या दोन-अडीच महिन्यांत उतरायच्या असतात. दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. धूम्रपानाने जे कर्करोग, श्वसनविकार आणि हृदयविकार होतात, ते प्रामुख्याने जळत्या तंबाखूच्या धुरातील डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि इतर विषारी द्रव्यांमुळे. निकोटिन माणसाला खिळवून ठेवते. जीव घेण्याचे काम बहुतांशी धूर करतो. लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रसेल यांनी १९७०च्या दशकात हा भेद ठासून मांडला आणि उपचारांना त्यामुळे भक्कम पाया मिळाला.

रसेल यांचे दुसरे काम प्रत्येक गावच्या डॉक्टरने लक्षात ठेवावे असे आहे. १९७९ साली त्यांनी लंडनमधील २८ सर्वसाधारण डॉक्टरांच्या दवाखान्यांत येणाऱ्या दोन हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना डॉक्टरने एक-दोन मिनिटांत धूम्रपान सोडण्याचा सल्ला दिला, एक पत्रक दिले आणि पुन्हा विचारणा होईल असे सांगून ठेवले. वर्षभरानंतर या गटातील ५.१ टक्के लोक सिगारेटपासून दूर राहिले होते. ज्यांना काहीच सांगितले नव्हते, त्यांच्यात हे प्रमाण ०.३ टक्के होते. शंभरात पाच म्हणजे अल्पच, असे वाटेल. पण दवाखान्यात रोज येणाऱ्या माणसांची संख्या आणि सल्ल्याला लागलेली दोन मिनिटे यांचा हिशेब मांडला, तर इतक्या कमी खर्चात इतके प्राण वाचवणारे उपचार वैद्यकात फार थोडे सापडतील.

पट्टीच्या आधी चघळायची गोळी आली होती. तिचीही कथा अशीच निरीक्षणातून उगवलेली. स्वीडनच्या पाणबुड्यांवर धूम्रपानाला बंदी असे. तेथील नौसैनिक बंद पाणबुडीत सिगारेटऐवजी तोंडात धरायच्या तंबाखूवर भागवतात, हे क्लेस लुंडग्रेन या वैद्यकाच्या ध्यानात आले. १९६७च्या डिसेंबरात त्यांनी ओवे फर्नो या औषधनिर्मितीतील रसायनशास्त्रज्ञ मित्राला तसे पत्राने कळवले. त्यातून निकोटिनचे च्युइंगगम तयार झाले आणि १९७८ साली स्वित्झर्लंडच्या बाजारात आले. ते सारखे चावत राहायचे नसते; थोडे चावून गालात धरून ठेवायचे असते. तंबाखूचा बार धरण्याची सवय असलेल्या मराठी माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा येथे माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. लिंडा फेरी यांना बुप्रोपिऑन या नैराश्यावरील औषधाचा एक अनपेक्षित गुण आढळला. ते घेणाऱ्या रुग्णांची सिगारेट सुटत होती. त्यांनी या योगायोगाची रीतसर चाचणी घेतली, आणि १९९७ साली ते औषध धूम्रपान सोडण्यासाठी मान्य झाले. लॅबर्नम या झाडात सायटिसिन नावाचे द्रव्य असते. मेंदूतल्या निकोटिनच्या जागांवर ते अर्धवट बसते, तलफ भागवते आणि निकोटिनला जागा मिळू देत नाही. बल्गेरियात १९६४ पासून त्याच्या गोळ्या मिळत. पण पश्चिमेकडील देशांनी त्यांची दखल उशिरा घेतली. २०११ साली वॉर्सा येथे ७४० जणांवर झालेल्या चाचणीत वर्षभर सिगारेटपासून दूर राहणाऱ्यांचे प्रमाण सायटिसिनच्या गटात ८.४ टक्के, तर खोट्या गोळीच्या गटात २.४ टक्के आढळले. याच द्रव्याच्या धर्तीवर बनवलेले व्हॅरेनिक्लिन हे औषध २००६ पासून वापरात आहे.

या आकड्यांकडे प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. कोणत्याही मदतीविना सोडण्याचा प्रयत्न करणाऱ्या शंभर जणांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकणारे तीन ते पाच. निकोटिनची पट्टी किंवा गोळी यशाची शक्यता सुमारे दीडपट करते. पट्टी आणि गोळी एकत्र वापरली तर त्याहून अधिक. समुपदेशनाची जोड मिळाली तर आणखी. जादू यांपैकी एकातही नाही. पण ‘मनात आणले तर सुटते’ असे म्हणून ज्याला वर्षानुवर्षे दुबळा ठरवले गेले, त्याला हे शास्त्र सांगते की त्याची लढाई मेंदूतल्या एका खऱ्याखुऱ्या बदलाशी आहे, आणि तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात यश येणे ही नामुष्की नसून या रोगाची नेहमीची चाल आहे.

आता आपल्या मातीकडे वळले पाहिजे, कारण महाराष्ट्राची तंबाखू धुरात कमी आणि गालात जास्त आहे. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीनुसार राज्यातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करत होते. धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के. चुना लावून मळलेली तंबाखू, गुटखा, मावा, आणि घराघरांत तव्यावर भाजली जाणारी मशेरी. लंडन आणि लॉस एंजेलिसची उत्तरे येथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत.

येथील उत्तरांचा शोध मुंबईत सुरू झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता हे दंतवैद्यक आणि डेन्मार्कचे मुखरोगतज्ज्ञ जेन्स पिंडबोर्ग यांनी भारतभर हिंडून लोकांची तोंडे तपासली. महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक ग्रामस्थांची तपासणी झाली. तिच्यातून मशेरीसारख्या सवयींची आणि तोंडातील पांढऱ्या चट्ट्यांची पद्धतशीर नोंद झाली. पण नुसत्या नोंदीवर ते थांबले नाहीत. १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आणि डॉ. प्रकाश गुप्ता यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी केरळातील एर्नाकुलम, गुजरातेतील भावनगर आणि आंध्रातील श्रीकाकुलम या जिल्ह्यांत सुमारे ३६,००० तंबाखूसेवकांना हाती घेतले. घरोघर जाऊन तोंडाची तपासणी, समोरासमोर संवाद, चित्रपट, रेडिओ, वर्तमानपत्र. आणि दरवर्षी पुन्हा त्याच दारात. पट्टी तेव्हा जन्मालाही आली नव्हती. १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी दोन गोष्टी सिद्ध केल्या. भारतातील खेडुताला धीराने समजावले तर तो तंबाखू सोडतो किंवा कमी करतो. आणि तसे केल्यास कर्करोगाच्या आधी दिसणारे चट्टे कमी होतात. मुखकर्करोग हा कपाळी लिहिलेला नसून टाळता येणारा आहे, हे जगाला भारतीय खेड्यांनी दाखवून दिले.

हीच परंपरा पुढे अनेक अंगांनी वाढली. पुण्यात १९८६ साली अनिल आणि अनिता अवचट या डॉक्टर दांपत्याने व्यसनमुक्तीसाठी मुक्तांगण सुरू केले. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ पासून राज्य शासन आणि टाटा ट्रस्टच्या सहकार्याने ‘मुक्तिपथ’ हा जिल्हाव्यापी प्रयोग चालवला. दारू आणि तंबाखू हा एकट्या माणसाचा रोग न मानता साऱ्या गावाचा प्रश्न मानायचा, असे त्याचे सूत्र. २००२ साली देशात १३ ठिकाणी तंबाखूमुक्ती चिकित्सालये सुरू झाली. २०२२ साली निकोटिनच्या उपचारांचा समावेश भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत झाला. तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर आज एक क्रमांक छापलेला असतो, १८०० ११ २३५६. हा दूरध्वनी विनामूल्य आहे आणि पलीकडे प्रशिक्षित समुपदेशक असतो. ज्या पाकिटात बेडी आहे, त्याच पाकिटावर किल्लीही छापलेली आहे. बहुतेकांचे बोट नेमके तिच्यावरच असते.

सोडून मिळते काय, याचेही मोजमाप झालेले आहे. इंग्लंडमधील डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या अभ्यासातून रिचर्ड डॉल आणि रिचर्ड पेटो यांनी २००४ साली दाखवले की साठाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्याला सुमारे तीन वर्षे परत मिळतात, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्याला सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ, आणि तिशीत सोडणाऱ्याला जवळजवळ सारीच, म्हणजे दहा. भारतात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार विडी ओढणारा पुरुष सरासरी सहा वर्षे आणि विडी ओढणारी स्त्री आठ वर्षे लवकर मरते. सभागृहात बसलेल्या एखाद्या आजोबांना वाटत असेल की आता या वयात काय उपयोग, तर त्यांच्या वाट्याची तीन वर्षे म्हणजे नातवाच्या पहिलीपासून चौथीत जाईपर्यंतचा काळ.

बैलकुप्प्याच्या वाटेवरील त्या शेतकऱ्याला मात्र या कथेतून वगळता येणार नाही. तो खलनायक नाही. कोरडवाहू जमिनीत लिलावाची खात्री आणि हाती रोख रक्कम देणारे दुसरे पीक त्याला सहज सापडत नाही. सीमाभागातील निपाणीच्या मराठी शेतकऱ्याची कहाणी वेगळी नाही. १९८१ साली तंबाखूच्या रास्त भावासाठी निपाणीच्या शेतकऱ्यांनी रस्ता अडवला, तेव्हा गोळीबारात त्यांच्यातील काहींचे प्राण गेले. त्याच गावच्या वखारींत तंबाखूच्या धुळीत दिवस काढणाऱ्या स्त्रियांच्या हालअपेष्टा अनिल अवचटांनी मराठी वाचकांपुढे मांडल्या. म्हणजे तंबाखू ओढणाऱ्याआधी पिकवणाऱ्याला, खुडणाऱ्याला आणि वळणाऱ्याला झिजवते. भारताने २००४ साली स्वीकारलेल्या जागतिक तंबाखू नियंत्रण करारात म्हणूनच तंबाखू उत्पादकांना आणि कामगारांना परवडणारे पर्यायी मार्ग उपलब्ध करून देण्याचे कलम आहे. व्यसनी माणसाला ‘सोड’ म्हणून सुटत नाही. शेतकऱ्यालाही नुसते ‘सोड’ म्हणून सुटणार नाही. दोघांनाही उतरायला पायऱ्या लागतात.

शाळेने यात काय करावे? कायद्याने शाळेच्या १०० यार्डांच्या परिसरात तंबाखूविक्रीला बंदी आहे. ते अंतर पावलांनी मोजून पाहण्याचे काम विद्यार्थ्यांनाच देता येईल. २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वयोगटातील ८.५ टक्के विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेत असल्याचे आढळले. या वयात सवय पकडली गेली तर मुलाला कोपऱ्यात उभे करून किंवा शाळेतून काढून ती सुटत नाही. उलट तो पानपट्टीपाशी अधिक वेळ उभा राहतो. अशा मुलाशी शिक्षकाने खासगीत बोलावे, पालकांना विश्वासात घ्यावे आणि त्याला समुपदेशकाकडे पोहोचवावे. शिक्षक स्वतः तंबाखू घेत असतील, तर त्यांचा सोडण्याचा प्रयत्न विद्यार्थ्यांसमोर उघडपणे होणे हा फळ्यावरच्या दहा सुविचारांहून मोठा पाठ ठरेल.

विद्यार्थ्यांसाठी या कथेत आणखी एक गोष्ट आहे. मजूर आजारी पडत होते, नौसैनिक तंबाखू तोंडात धरत होते, नैराश्याच्या रुग्णांची सिगारेट सुटत होती. हे सारे अनेकांच्या डोळ्यांसमोर घडत होते. त्यांपैकी एखाद्यानेच ‘असे का?’ हा प्रश्न धरून ठेवला आणि उत्तर मिळेपर्यंत सोडला नाही. त्या प्रश्नातून निघालेली औषधे आज जगभर लाखो लोक वापरतात. प्रयोगशाळेतील उपकरणे महाग असतात. हा प्रश्न मात्र या शाळेच्या प्रत्येक बाकावर फुकट उपलब्ध आहे.

आज घरी गेल्यावर प्रत्येक विद्यार्थ्याने एक छोटे काम करावे. घरात, शेजारी किंवा वस्तीत जो कोणी तंबाखू घेतो, त्याला उपदेश करू नये. तो क्रमांक कागदावर लिहून द्यावा, किती वेळा सोडण्याचा प्रयत्न केला ते आदराने विचारावे, आणि पुढच्या प्रयत्नात सोबत राहण्याचे वचन द्यावे. रसेल यांच्या डॉक्टरांना दोन मिनिटे लागली होती. घरच्या माणसाला याहून कमी लागतील.